काढून दाखवा

प्रसेनजीत कुरणेच्या टेबलावर माणसांनी काय काय काढून ठेवलेलं मी पाहिलंय, ते सांगितलं तर तुम्ही म्हणाल, शालूबाई थापा मारतात. चष्मे तर किती. कमरेचे पट्टे. एकाचं कानातलं यंत्र. आणि कवळ्या. कवळीचं बिल असलं की तो आधी वर्तमानपत्राचा कागद पसरायचा, चारी कोपरे ओढून नीट, आणि मग समोरच्या माणसाला म्हणायचा, "काढून दाखवा." माणूस बिचारा आम्हा बायकांकडं एकदा बघायचा, पाठ फिरवायचा आणि कवळी काढून कागदावर ठेवायचा. मग कवळीविना तो जे बोलायचा ते कुणालाच कळायचं नाही. तोवर प्रसेनजीतनं बिलावर शेरा मारलेला असायचा: प्रत्यक्ष पाहिले, बरोबर आहे.

उचगावच्या पुढं आमची सहकारी सूतगिरणी होती. नाव सांगत नाही. त्यातली निम्मी माणसं अजून मंडईत भेटतात आणि मला भाजी शांतपणे घ्यायला आवडतं. मी मूळची गडहिंग्लजची, लग्न होऊन उचगावात आले आणि या गिरणीच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून चिकटले ती चिकटलेच. माझं टेबल आणि प्रसेनजीतचं टेबल यांच्यामध्ये एक लोखंडी कपाट. त्यामुळं तो मला दिसायचा कमी आणि ऐकू यायचा जास्त.

कामगारांच्या औषधपाण्याची बिलं गिरणी भरायची. नव्वद सालाच्या आसपास त्यात फार चावटपणा झाला. एकानं सासूचा चष्मा स्वतःच्या नावावर घेतला. दुसऱ्यानं न मोडलेल्या पायाचं प्लॅस्टर लावलं, तेही बिलातच, पायाला नाही. संचालक मंडळ भडकलं आणि ठरलं, की यापुढं बिल पास करायचं तर वस्तू डोळ्यांनी बघून. हे काम प्रसेनजीतकडं आलं. दुसरा कुणी असता तर चार दिवस तपासल्यासारखं करून मोकळा झाला असता. यानं ते अंगाला लावून घेतलं.

त्याचं कारण मला पुढं कळलं. त्याचे वडील बिद्रीकडच्या एका खेड्यातले. लहानपणी त्यांना पाणी वरून ओतून मिळायचं, ओंजळीत. छप्पन सालानंतर घर बौद्ध झालं, वडील गाव सोडून इकडं आले, आणि पोरगा झाला तेव्हा त्यांनी मुद्दाम असं नाव ठेवलं की ते उच्चारताना समोरच्यानं जरा अडखळावं. पोराला त्यांनी एकच गोष्ट घोकून घेतली होती. तुझ्या हातनं चूक झाली तर ती तुझ्या एकट्याच्या नावावर राहायची नाही, आपल्या सगळ्या माणसांच्या नावावर जाईल. प्रसेनजीतनं ते इतकं मनावर घेतलं होतं की स्वतःच्या डोकेदुखीच्या गोळीचं बिलही त्यानं कधी लावलं नाही. आणि त्याच्या स्वतःच्या वस्तीतल्या कुणाचं बिल आलं, की इतरांना एक प्रश्न तर त्याला चार. आम्ही त्याला हसायचो. चिडायचोही. पण त्याचा हात स्वच्छ आहे, हे मात्र सगळे मानायचे, आणि त्याला जगात तेवढंच हवं होतं.

आता आकारामतात्या. प्रसेनजीतच्याच वस्तीतले, त्याच्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठे, आणि आमच्याच गिरणीत जॉबर. म्हणजे यंत्रं लावायची, बिघडली की आवाजावरनं ओळखायची. नात्यानं कुणी नव्हते, पण प्रसेनजीतच्या मॅट्रिकच्या परीक्षेला त्याला सायकलच्या दांडीवर बसवून रोज नेणारे तेच, आणि पेपर सुटेपर्यंत बाहेर झाडाखाली बसून राहणारेही तेच. वस्तीत ते त्याला "परशा" म्हणायचे. ऑफिसात आले की मोठ्यानं "काय सायेब!" म्हणायचे आणि आमच्याकडं बघून डोळा मिचकवायचे. प्रसेनजीत लाजायचा, पण खूश व्हायचा.

तात्या गायचे. चौदा एप्रिलला वस्तीत स्टेज बांधलं जायचं आणि रात्री तात्यांची पार्टी उभी राहायची. आवाज असा की उचगावात माझ्या गच्चीवर बसून शब्द न् शब्द ऐकू यावा. मी वर्षानुवर्षं तिथं जाऊन, पुढं सतरंजीवर बसून ऐकलंय, आणि घरी सासूच्या शिव्या खाल्ल्यात.

दोन हजार एकच्या हिवाळ्यात तात्यांचा एक दात किडून काढावा लागला. वरचा, डाव्या बाजूचा, हसलं की दिसणारा. दिसण्याचं त्यांना काही नव्हतं. पण त्या फटीतनं वारा सुटायला लागला. स आला, श आला, की शिट्टी वाजायची. एका बारशाला गायला उभे राहिले तर पोरं खिदळायला लागली आणि तात्या गाणं अर्धं टाकून खाली बसले. त्यानंतर ते पेटीला हातच लावेनात. एप्रिल जवळ येत होता. झुंबरबाई, त्यांची बायको, मला बाजारात म्हणाली, "बाई, माणूस गप झालाय ओ. घरात भांडत बी न्हाय."

राजारामपुरीत दीप्ती नावाच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी नवा दवाखाना काढला होता. त्यांनी तात्यांचं तोंड बघितलं आणि म्हणाल्या, दात बसवू, पण नेहमीसारखा ब्रिज करायचा तर शेजारचे दोन्ही दात चहूबाजूंनी घासून त्यांच्यावर पुरी टोपी, म्हणजे कॅप, चढवावी लागेल. तुमचे हे दोन दात दगडासारखे आहेत, ते घासायला माझा हात होत नाही. मग त्यांनी वेगळं काम केलं. दोन्ही शेजाऱ्यांचा नुसता चावायचा भाग जरासा घासला, त्यावर सिरॅमिकचं झाकण चिकटवलं, आणि दोन झाकणांच्या मध्ये खोटा दात. सगळा एकच तुकडा. भिंतींना हात न लावता गोठ्यावर नुसतं छप्पर टाकावं तसं. त्या झाकणाला ऑनले म्हणतात. तात्यांचे दात चहानं आणि तंबाखूनं पिवळसर झाले होते, तर बाईंनी पुण्याहून तो तुकडा नेमक्या त्याच पिवळट रंगात करून आणवला.

एकच अट घातली. मटणाची नळी फोडायची नाही आणि सुपारी बंद. तात्यांची सुपारी म्हणजे अख्खी, दाताखाली कडाकडा फोडून. पण गाण्यासाठी त्यांनी तीही सोडली. कमरेची चंची, पार झिजलेली, आतल्या सुपारीसकट आमच्या ऑफिसातल्या शिपायाला, बाळासोला, देऊन टाकली. "घे बाबा, माझी बायको समजून संभाळ," म्हणाले.

आणि मग त्यांचा खेळ सुरू झाला. कँटीनमध्ये आले की आ करायचे आणि म्हणायचे, "वळखा, ह्यातला कुठला डाक्टरनीचा?" मी बोट दाखवलं तो निघाला त्यांचा स्वतःचा. बाळासोचंही चुकलं. एवढा मोठा बाप्या, पण दात दाखवताना तोंडावर पोराचं हसू. प्रसेनजीत तिथं नसायचा. तो डबा टेबलावरच खायचा.

बिल आलं. दीप्ती डॉक्टरांनी खरं ते लिहिलं होतं: सिरॅमिक ऑनले दोन, त्यांच्या आधारानं मधला दात एक. गिरणीच्या यादीत दात काढणं होतं, भरणं होतं, कवळी, कॅप आणि ब्रिज होतं. ऑनले नव्हतं. आणि त्यात भर म्हणजे आमचा कॅशियर भाऊसो बिल पुढं सरकवताना म्हणाला, "कुरणे, ह्याला कशाला तपासताय? घरचंच बिल की!"

भाऊसो वाईट माणूस नव्हे. पण जीभ सैल. तो हसला, दोघंतिघं हसले. कपाटापलीकडून प्रसेनजीतचं हसणं ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं त्यानं बाळासोला सांगितलं, "आकाराम यांना बोलवा. दात घेऊन या म्हणावं." दात घेऊन या! मी कपाटाच्या कडेनं वाकून म्हटलं, "कुरणे, परवा वस्तीत तात्यांचा रियाज झाला, तुम्ही ऐकला की. वारा जातोय का आता? मग दात आहेच."

"माझ्या कानावर बिल पास होत नाही बाई," तो म्हणाला.

तात्या आले ते हसतच. "काय सायेब!" डोळाही मिचकावला. प्रसेनजीतनं मान वर केली नाही. कागद पसरला, चारी कोपरे ओढले. "काढून दाखवा."

"निगत न्हाय त्ये," तात्या म्हणाले. "चिकटवलाय. बघ की, हितनंच बघ." आणि त्यांनी आ केला. तोच खेळ. त्यांना अजून खेळच वाटत होता.

पाळी बदलायची वेळ होती. खिडकीशी कामगार जमले होते. प्रसेनजीत उठला, लाईट गेल्यावर वापरायची बॅटरी ड्रॉवरमधनं काढली आणि तात्यांच्या तोंडात उजेड टाकला. ओठ आड येत होता. त्यानं टेबलावरची पेन्सिल उचलली आणि तिच्या टोकानं तात्यांचा ओठ बाजूला केला. तात्यांचे डोळे क्षणभर त्या पेन्सिलीवर गेले. मग ते छताकडं बघत राहिले. तोंड उघडंच.

प्रसेनजीतनं ब्रिज असलेली तोंडं पूर्वी पाहिली होती. त्याला ठाऊक होतं, की कॅप असली तर हिरडीजवळ तिची कड दिसते. त्यानं हिरडीजवळ शोधलं. तिथं तात्यांचे स्वतःचे दात, जसेच्या तसे. दात आहेत, सगळे आहेत, फट नाही. पण बसवलेलं असं काहीच दिसेना. काम इतकं चांगलं झालं होतं की ते झालंय हेच कळत नव्हतं. खिडकीतनं कुणीतरी बारीक हसलं. प्रसेनजीतनं बॅटरी बंद केली, खाली बसला आणि लिहिलं: कॅप आढळून आली नाही.

"काय लिवलं रं?" तात्यांनी विचारलं.

"लेखी कळवतो."

ते लेखी मलाच टाईप करावं लागलं. खोटं बिल सादर केल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये, खुलासा करावा. मी मशीनची बटणं अशी आपटली की फीत तुटली. दुसरी घालून पुन्हा टाईप केलं, कारण पगार त्याचाच मिळत होता.

तात्या तो कागद हातात धरून माझ्या टेबलाशी उभे राहिले. त्यांना वाचता येत होतं, पण म्हणाले, "वाच गं बाय." मी वाचला. ते म्हणाले, "एवढ्या वरसात गिरणीची एक बॉबिन घरला न्हेली न्हाय मी." मग जरा थांबून, "आन् त्येला म्हाईत हाय की."

तेच तर. त्याला माहीत होतं. दात पडला ते माहीत होतं, शिट्टी ऐकली होती, शिट्टी थांबलेली ऐकली होती. पण आता भाऊसोचं हसणं त्याच्या कानात जास्त मोठ्यानं वाजत होतं.

तात्या राजारामपुरीला जाऊन एक्स-रे घेऊन आले. नखाएवढी ती फिल्म प्रसेनजीतनं खिडकीशी धरली आणि म्हणाला, "यावर नाव कुठं आहे? कुणाचाही असेल." नाव नव्हतंच. दीप्ती डॉक्टरांनी आधीचा फोटोही काढून ठेवलेला नव्हता. त्या कामात हुशार होत्या, कागदांत कच्च्या. दुसऱ्या दिवशी ऑफिसचा फोन वाजला, तो मी घेतला. "तुमच्या त्या साहेबांना सांगा," बाईंचा आवाज चढलेला, "की दिसत नाही हेच माझं काम आहे! दिसलं असतं तर पैसे परत मागा म्हणावं!"

मागोमाग त्यांचं पत्र आलं. आकृती काढून सगळं लिहिलेलं. दोन दात, त्यांच्या डोक्यावर दोन झाकणं, मध्ये लटकलेला तिसरा. कड हिरडीजवळ नसते, चावायच्या जागेवर असते. ते पत्र प्रसेनजीत किती तरी वेळ वाचत होता. कपाटाच्या फटीतनं मला त्याचा कान दिसत होता, तो लालभडक झाला होता.

"कळलं ना? करा आता सही," मी म्हटलं.

"सहीच करायचीय." त्याचा आवाज खाली गेला होता. "फक्त एकदा बघून घेतो. आता कुठं बघायचं ते कळलंय. म्हणजे 'पाहिले' असं लिहिता येईल. कुणाला बोलायला जागा नको."

इथं मला अजूनही त्याचे खांदे धरून हलवावंसं वाटतं. बिल पास झालं होतं. मनातनं तर आधीच झालं होतं. पण हा माणूस शेऱ्याशिवाय सही कशी करायची हेच विसरला होता.

तात्या दुसऱ्यांदा आले तेव्हा "काय सायेब" झालं नाही. डोळा मिचकावणं झालं नाही. खिडकीशी पुन्हा माणसं. प्रसेनजीत उठून उभा राहिला, जरा हसल्यासारखंही केलं, म्हणाला, "बसा तात्या. पत्र आलंय. सगळं बरोबर आहे. फक्त एकदा..."

"व्हय," तात्या म्हणाले. "काढून दाखवतो."

त्यांनी टेबलावरचं वर्तमानपत्र ओढलं, पसरलं, आणि चारी कोपरे नीट ओढले. मग दाराकडं बघून म्हणाले, "बाळासो, चंची आन माझी."

"का ओ तात्या? डाक्टरनं बंद केलीया न्हवं सुपारी?"

"आन म्हणतोय न्हवं."

बाळासोनं चंची दिली. त्याला काय ठाऊक. तात्यांनी आतनं अख्खी सुपारी काढली, डाव्या बाजूला दाताखाली धरली, जबडा आवळला. काय होतंय ते मला कळलं आणि मी उठलेही, पण तोवर आवाज झाला होता. सुपारी फुटल्याचा नव्हे. तात्यांनी तोंडावर हात धरला, डोळे घट्ट मिटले. मग कागदावर वाकले आणि तोंडातलं सगळं त्यावर सोडलं. सुपारी, थोडं रक्त, आणि पिवळसर पांढरे तुकडे.

"बघा सायेब," ते म्हणाले. स वरची शिट्टी परत आली होती. "ह्यात डाक्टरनीचं कुठलं आन् माझं कुठलं, वळखा आता."

शेजारच्या खऱ्या दाताचाही टवका उडाला होता. तात्यांनी रुमालानं तोंड पुसलं आणि मशीनवर निघून गेले. भाऊसो काहीतरी बोलणार होता, मी त्याच्याकडं बघितलं, तसा तो कॅशच्या वहीकडं वळला. खिडकी रिकामी झाली. प्रसेनजीत उभाच. मग त्यानं सही केली. शेरा लिहिला नाही. कागद तुकड्यांसकट दुमडला आणि खिशात घातला. दुपारी त्याचा डबा तसाच राहिला.

चौदा एप्रिलला तात्या गायले. मला वाटलं होतं गाणार नाहीत, पण उभे राहिले. माईकमधनं ती शिट्टी मोठी होऊन यायची, कर्ण्यातनं सगळ्या वस्तीवर. पोरं हसली. तात्या या खेपेस खाली बसले नाहीत, डोळे मिटून गात राहिले. प्रसेनजीत जयंतीच्या समितीत होता, त्याची खुर्ची पुढच्या रांगेत होती. पहिल्या गाण्याला तो उठला. मी वळून बघितलं तर जनरेटरच्या मागं, धुरात, भिंतीकडं तोंड करून उभा होता. जनरेटरच्या आवाजात काही ऐकू येऊ नये म्हणून तिथं गेला असेल, तर त्याचा काही उपयोग नव्हता. तात्यांचा आवाज तिथंही येत होता.

त्यानंतर "काढून दाखवा" हे शब्द आमच्या ऑफिसात ऐकू आले नाहीत. प्रसेनजीतनं अर्ज करून ते काम सोडलं आणि रुईच्या गोदामात बदली मागून घेतली. तिथं कापसाच्या गाठी मोजायच्या. गाठींना तोंड नसतं, असं बाळासो म्हणायचा. प्रसेनजीत घरी जाताना लांबचा रस्ता धरायला लागला, कारण जवळचा तात्यांच्या दारावरनं जायचा. पण गिरणी एक, वस्ती एक, गाठ पडायचीच. तात्या त्याच्याशी कधी वाकडं बोलले नाहीत. फक्त वस्तीतही, चारचौघांतही, लग्नाच्या पंगतीतही, त्याला "सायेब" म्हणायला लागले. "बसा सायेब." "जेवा सायेब." शिवी दिली असती तर बरं, असं तो मला म्हणाला.

एकदा मी गोदामात साठ्याची यादी घ्यायला गेले होते. दोघांनी चहा घेतला. तो एकदम म्हणाला, "बाई, बिलाचं एवढं काही नाही. चूक झाली, होते माणसाची. पण मी पेन्सिल लावली."

मला आधी कळेना.

"माझ्या बापाला पाणी वरनं ओतायचे. का, तर भांडं हाताला लागू नये म्हणून. ते ऐकून ऐकून मी मोठा झालो. आणि तात्याचा ओठ बाजूला करायला मी पेन्सिल घेतली. बोट नाही लावलं. ज्या माणसानं माझं शेंबडं नाक स्वतःच्या धोतरानं पुसलं, त्याला." तो कपाकडं बघत बोलत होता. "तात्या त्या पेन्सिलीकडं बघत होते. तुम्ही बघितलं का?"

मी बघितलं होतं. पण तोवर मला त्याचा अर्थ लागला नव्हता. आमच्या घरात कुणाला पाणी वरून ओतून मिळालं नव्हतं. उलट आमच्याच वाड्यातनं ते ओतलं जायचं. मी चहा गिळला आणि यादी घेऊन परत आले. मला माझी लाज वाटली, पण त्याच्यापुढं ती फारच थोडी होती.

त्याची स्वतःची दाढ दुखायला लागली तेव्हा गाल सुजेपर्यंत सोसत राहिला. दवाखान्यात जा म्हटलं तर म्हणायचा, "आ करावा लागेल." हसताना तोंडावर हात धरायची सवय लागली. पुढं पुढं हसणंच कमी झालं.

दोन हजार आठला तात्या रिटायर झाले. त्या सुमारास एका संध्याकाळी प्रसेनजीत माझ्या दारात. "बाई, चला माझ्याबरोबर. एकट्याच्यानं होत नाही." वाटेत कळलं, की तो आधी दीप्ती डॉक्टरांकडं जाऊन आला होता. बाईंनी त्याला ओळखलं. रागावल्या नाहीत. आता त्या प्रत्येक दाताचा आधीचा आणि नंतरचा फोटो काढतात, फिल्मच्या पाकिटावर नाव लिहितात, हे त्यांनी त्याला कपाट उघडून दाखवलं. "तुमच्यामुळं शिकले," म्हणाल्या. त्याला तिथं मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तात्यांचा दात पुन्हा बसवता येईल, असं त्यांनी सांगितलं होतं. टवका उडालेल्या दातावर आता पुरी टोपी घालावी लागेल, एवढंच. जानेवारी चालला होता. एप्रिलपर्यंत होईल.

तात्या अंगणात खाटेवर बसले होते. झुंबरबाईंनी मला पाट दिला, त्याला खुर्ची आणली. तात्या म्हणाले, "बसा सायेब."

तो बसला नाही. ऑफिसातली भाषा त्याची कुठं गेली कुणास ठाऊक. "तात्या," म्हणाला, "चुकलं माझं. लई चुकलं."

झुंबरबाई आत जाता जाता दारातच थांबली.

"दात बसवूया, तात्या. मी इचारून आलोय. डाक्टर व्हय म्हणत्यात. सगळं मी बघतो."

"नको सायेब," तात्या म्हणाले. रागानं नव्हे. वाढलेलं नको म्हणावं तसं. "आता कशाला?"

"गान्यासाठी. तुमचं गानं..." मग घाईघाईनं म्हणाला, "आता बिल न्हाय, तात्या. गिरणी न्हाय. कुनालाच काय दाखवाय लागायचं न्हाय."

तात्यांनी त्याच्याकडं नीट बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच असं, सरळ. मग खाटेवर जरा सरकून त्यांनी त्याच्यासाठी जागा केली.

"परशा," ते म्हणाले.

ते नाव ऐकून प्रसेनजीतचा चेहरा असा झाला, की मी मान फिरवली. किती वर्षं तो त्या एका हाकेची वाट बघत होता. तो पटकन त्यांच्याजवळ बसला.

"परशा, तवा बी मला वाटलं न्हवतं," तात्या म्हणाले, "तुला दाखवाय लागंल म्हणून."